डाव्या हाताचा कागद

"हे गठुडं टपावर टाका, बाई. आत माणसांनाच जागा नाय," नारायणगावच्या स्टँडवर कंडक्टर म्हणाला.

नसीमनं गठुडं आणखीच छातीशी धरलं. धोतराच्या फडक्यात बांधलेले दोनशे ताव होते त्यात, जुन्नरच्या कागदी मोहल्ल्यात हातानं केलेले. मिलचा कागद स्वस्त पडतो म्हणून व्यापाऱ्यानं तसेच परत दिले होते. वर टपावर धूळ, कोंबड्यांची खुराडी, तेलाचे डबे... एक डाग पडला की ताव गेला.

"इथं ठेवा. मी उभा राहतो."

खिडकीशी बसलेला एक तरुण उठला होता. पायाशी लोखंडी ट्रंक, अंगात कुठल्याशा परक्या देशातला निळा कोट. नसीमनं गठुडं त्याच्या जागेवर ठेवलं. तेवढ्यात मागून तिची फुफी, म्हणजे आत्या, हाजराबी म्हणाली, "वा रे बाबा. कागदाला जागा दिलीस, अन् म्हातारी उभी हाय ते दिसलं न्हाई तुला."

बसमधले चारजण हसले. तो कानापर्यंत लाल झाला. मग हाजराबी बसली, गठुडं तिच्या मांडीवर आलं आणि नसीम न् तो एकाच दांडीला धरून उभे राहिले. गाडी वारूळवाडी ओलांडून जुन्नरच्या रस्त्याला लागली. फडक्यातून एका तावाचं टोक बाहेर आलं होतं. त्यानं दोन बोटांत धरून ते अलगद चाचपलं.

"गफूरचाचांचा कागद."

"तुमाला कसं ठावं?"

"मी महंमद हनीफ. राजमहंमदांचा मुलगा. चार वर्षं पुण्याला असतो, हातकागदाच्या केंद्रात. आत्ता चीनमधून येतोय. कारागिरांबरोबर सरकारनं मलाही पाठवलं होतं." तो क्षणभर थांबला. "हा कागदही गेला होता माझ्याबरोबर. तिथं एकानं त्याच्याबद्दल काहीतरी सांगितलं... ते विचारायला चाचांकडं येणारच होतो."

"काय सांगितलं?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं. ती डाव्या हातानं दांडी धरून उभी होती. "सांगेन," तो म्हणाला, "पण गाडीत नको."

पंचावन्न सालातली कार्तिकातली ती दुपार. जुन्नर येईपर्यंत दोघं पुढं एक शब्द बोलले नाहीत. तरी उतरताना नसीमला वाटलं, आज रस्ता फार लवकर संपला.

दुसऱ्या दिवशी तो खरंच आला. नसीमच्या अब्बांनी, गफूरचाचांनी, त्याला ओट्यावर बसवलं. राजमहंमद त्यांचा जिवाचा दोस्त. त्याचा पोरगा चीनपर्यंत जाऊन आला याचा त्यांना केवढा अभिमान. चहाची बशी तोंडाला लावताना त्यांचा हात थरथरत होता. हनीफनं ते पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली.

आत भिंतीआड नसीम कागद घोटत होती. गुळगुळीत दगड तावावर फिरायचा, सर्र... सर्र... हनीफ बोलायला लागला की तो आवाज थांबायचा. तो गप्प झाला की पुन्हा सुरू. दोनचारदा असं झाल्यावर हनीफ मुद्दामच मध्ये थांबायला लागला.

"कँटन म्हणून मोठं शहर आहे. आमच्या तुकडीचे पुढारी आजारी पडले, म्हणून नऊ दिवस तिथंच अडकलो. मी आपला रोज एकेक देऊळ बघत हिंडायचो. एकाचं नाव सहा वडांचं देऊळ. वड केव्हाच गेले, नाव राहिलं. आत पितळेचे तीन बुद्ध, छताला टेकतील एवढे. अंगणात आठ कोनांचा उंच मनोरा. वारा आला की वरच्या घंटा वाजतात."

"अन् मशीद?" चाचांनी विचारलं.

"ती पण आहे, फार जुनी. जुम्याची नमाज तिथंच पढलो. मग एक टेकडीवरचं देऊळ. ते ताओ पंथाच्या लोकांचं. त्यांचे पुजारी डोक्यावर केसांचा बुचडा बांधतात. पायऱ्या चढून गेलो तर लोक लोखंडी भट्टीत कागद जाळत होते. मेलेल्या माणसांना पोचावा म्हणून."

"हातचा कागद?" चाचांची बशी खाली आली.

"हातचाच. बांबूचा."

आतून नसीमचा आवाज आला, "करणाऱ्याला काय वाटत असंल?"

हनीफ भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "मी हेच विचारलं तिथल्या पुजाऱ्याला. तो म्हणाला, आपल्या माणसाला पाठवायचं तर हातचंच पाठवावं."

बराच वेळ दगड फिरला नाही.

चाचांनी मग विचारलं, संगं नेलेला आमचा कागद कुणाला दिलास? हनीफ म्हणाला, सहा वडांच्या देवळात एक म्हातारे भिक्षू जुन्या पोथ्या डकवत बसायचे, त्यांना दहा ताव भेट दिले. त्यांना फार आवडले. त्यांनी मला विचारलं, तुझ्या गावी बुद्धाचं काय आहे? मी म्हणालो, डोंगर भरून लेणी आहेत. आत काय आहे, म्हणाले. "आणि चाचा, मला सांगता येईना. लहानपणी वानरांना दगड मारायला तेवढा गेलो होतो."

हाजराबी दारातून म्हणाली, "परवा मी गोळेगावात कागदासाठी अंबाडी आणायला चाललेय, लेण्याद्रीच्या पायथ्याला. नसीम हाय संगं. यायचं तर ये. भारे उचलायला माणूस हवाच व्हता."

कुकडी नदीचं पाणी पोटऱ्यांपर्यंत होतं. हाजराबी पुढं, मागं नसीम, तिच्या मागं हनीफ, कोटाच्या बाह्या वर करून. डोंगराच्या निम्म्या पायऱ्या चढल्यावर हाजराबीनं बसकण मारली. "माझे गुडघे इथवरच. तुमी बघून या. मी इथून बघतेय," ती म्हणाली, आणि ते 'बघतेय' तिनं जरा जोर देऊन म्हटलं.

वर गणपतीला आलेली ओझरची चारदोन माणसं दर्शन घेऊन उतरत होती. ती दोघं बाजूच्या चैत्यात शिरली. उन्हातून आल्यावर आत आधी काहीच दिसेना. मग हळूहळू खांब दिसले, खांबांवर पाठीला पाठ लावून बसलेले हत्ती न् वाघ, आणि शेवटी तो दगडी स्तूप. गार, गोल, एकटा.

"तिथं धूप, मेणबत्त्या, सोनेरी मूर्ती," हनीफ हळू म्हणाला. "इथं काहीच नाही. तरी पाय तसेच थांबले."

"गाडीत न्हाई सांगितलंत ते सांगा आता."

"चाचांपुढं सांगवलं नाही." हनीफ म्हणाला. "भिक्षूंनी तुमचा ताव उजेडात धरला. दुभाष्या म्हणाला, ते विचारतायत, हा कागद उचलणारा डावरा आहे का? लगद्याच्या पाण्यातून चाळणीचा साचा वर येताना आधी डावीकडून उठतो, तिकडं कागद जरासा पातळ. मी म्हणालो, नाही, गफूरचाचा उजवे आहेत. तेव्हा त्यांनी डावा कोपरा दाखवला. तिथं बारीक बारीक पातळ ठिपके होते, ओळीनं. ते म्हणाले, ओल्या कागदावर थेंब पडले की असं होतं. आणि हे थेंब... बांगड्यांवरून पडलेत."

नसीमनं दोन्ही हात ओढणीत घेतले.

बाई लगद्याच्या हौदावर बसत नाही, हा मोहल्ल्याचा रिवाज. बायकांनी घोटायचं, वाळवायचं, मोजायचं. दोन वर्षांपूर्वी अब्बांच्या हाताला कंप सुटला तेव्हापासून परसाचं दार लावून तीच साचा उचलत होती. घरातल्या तिघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

"कुणाकुणाला सांगितलंत?"

"त्या भिक्षूंना ठाऊक, दुभाष्याला ठाऊक. दोघंही जुन्नरला येतील असं वाटत नाही."

तिला हसू आलं, ते तिनं दाबलं. "बांगड्या काढून ठेवीन मी आता."

"नका काढू."

"का? कागद खराब होतो ना..."

"तेव्हापासून मी तसाच एक ताव जवळ ठेवून बघत होतो. कुणाचा हात असेल, याच विचारात." मग तो घाईघाईनं म्हणाला, "आमच्या केंद्रात हौदावर शिकवायला कुणी नाही. असा हात आता मिळत नाही. येताना पुण्यात साहेबांना मी सांगून आलोय, की आणतो म्हणून..."

नसीमचा चेहरा उतरला. "म्हंजे हात न्यायला आलाय तुमी."

"तसं नाही..."

"जुम्याला मंचरचे पावणं येणारेत मला बघायला. कापडाचं दुकान हाय त्यांचं." ती उजेडाकडं वळली. "त्यास्नी हात नको, बायको पायजे."

ती पायऱ्या उतरून गेली. अंबाडीचे दोन्ही भारे हनीफनं एकट्यानं जुन्नरपर्यंत आणले. हाजराबीनं वाटेत दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं.

जुम्याला मंचरहून कमरजहाँ आली. मुलाची आई, भल्या मनाची, बोलायला गोड. तिनं नसीमचा हात हातात घेतला आणि उलटा करून पाहिला. बोटांची टोकं पाण्यानं सुरकुतलेली, तळवे चिरलेले.

"धुणं लई असतं का गं घरात?"

चाचा खाली बघत होते. नसीमच्या मनात आलं, हो म्हणावं, की झालं. तेवढ्यात चाचांनीच मान वर केली.

"धुणं न्हाई. हौदावर ती बसते. दोन वर्षं माझ्या नावानं जाणारा कागद तिचा हाय. मी लपवलं. लोक काय म्हणतील, म्हनून लपवलं." त्यांनी नसीमच्या हाताकडं बोट केलं. "पर खरं सांगू? माझ्यापरीस बेस उचलते."

कमरजहाँनं नसीमचा हात सोडला. मग समजुतीनं म्हणाली, "असू द्या की. लगीन झाल्यावर सुटंलच ते. आमच्याकडं बाईनं पाण्यात हात घालायची गरज न्हाई."

"मला सोडायचं न्हाई," नसीम म्हणाली. इतक्या शांतपणे, की तिचं तिलाच नवल वाटलं.

पाहुण्यांनी सरबत घेतलं, सलाम केला आणि दुपारच्या गाडीनं ते गेले. संध्याकाळपर्यंत गोष्ट मोहल्लाभर झाली. कुणी नाकं मुरडली. शेजारच्या दोन म्हाताऱ्या मात्र तिचे ताव मागून घेऊन उजेडात धरून बघत बसल्या.

सकाळी नसीमनं परसाचं दार पहिल्यांदाच उघडं ठेवलं. ऊन हौदावर आलं होतं. ती साचा पाण्यातून वर उचलत होती तोच दारात हनीफ उभा राहिला. हातात कोट, पायाशी ट्रंक.

"निघाला वाटतं."

"अकराची गाडी आहे."

"मग?"

"तुम्हाला दोन बोलावणी आहेत. एक सरकारी. पुण्याच्या हौदावर शिकवायला या. पगार, खोली, चाचांना औषधपाणी. लेखी आहे, साहेबांच्या सहीचं." त्यानं खिशातून पाकीट काढलं. "दुसरं माझं आहे. ते लेखी नाही."

साच्यातलं पाणी ठिबकत राहिलं. तिनं पाकिटाकडं हात केला नाही.

"आधी दुसरं सांगा."

हनीफनं ट्रंकेकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं. चीनच्या गोष्टी सांगताना ज्याचं तोंड थकत नव्हतं, त्याला आता शब्द जुळवावे लागत होते. "लेण्यात मी आधी हौदाचं बोललो. भीती वाटली म्हणून. पुण्याला आला नाहीत तरी मी येईन. दर रविवारी येईन. नोकरी सोडावी लागली तर इथं येऊन अंबाडी कुटीन. मला... मला तुम्ही हव्यात, नसीम. हौद असो नसो."

तिनं साचा हौदाच्या काठावर ठेवला, हात पुसले आणि घराकडं तोंड करून जरा मोठ्यानं म्हणाली,

"फुफी, एक भाकरी जास्त टाक. पावणं आज जात न्हाईत."