बंपरला डोळे आले

“अप्पा, बंपरला डोळे आले!”

शिवकांताच्या आरोळीनं गल्लीतली कुत्रीसुद्धा उठली. तिचे वडील गुरुपादप्पा लुंगी सावरत अंगणात आले. ट्रकचा प्लॅस्टिकचा बंपर आणि चाकांवरच्या पट्ट्या बाजेवर वाळत ठेवल्या होत्या. काल मारलेला निळा रंग जागोजागी आक्रसला होता. गोल गोल खड्डे. प्रत्येक खड्ड्यातून खालचं काळं प्लॅस्टिक टकामका बघत होतं.

आज दुपारी ट्रक पाण्याच्या टँकरच्या कामासाठी दाखवायचा होता. गाडी निळीच हवी, आणि नीटनेटकी, असं ठेकेदारानं बजावलं होतं. उदगीर जिल्हा होणार म्हणून चौकात रोज पेढ्यांच्या गप्पा. नळाला मात्र थेंब नाही. शेतात माल नाही, म्हणून ट्रकला भाडं नाही. हे काम गेलं तर गाडी दारातच गंजणार.

“शेषेरावचंच काम!” अप्पा कडाडले. शेजारच्या शेषेरावांनाही आपल्या ट्रकसाठी तेच काम हवं होतं. “काल इथंच घुटमळत व्हता.”

आता तपास! दहावीतली शिवकांता तडक शेजारी गेली आणि शेषेरावांना हाताला धरूनच घेऊन आली.

“काका, रंगाला हात लावला का न्हाई?”

“लावला की. वाळला का ते बघून राहिलो व्हतो. एक बोट.”

“कुठं?”

शेषेरावांनी बंपरचा कोपरा दाखवला. तिथं खरंच एक ठसा होता. एकच.

“बोट एक अन् डोळे शंभर? काका, तुम्ही सुटलात.”

“मी काय जेलात व्हतो का गं, पोलिसीणबाई?”

ओसरीवर बाळंतपणाला आलेली अक्का लेकराला तेल चोळता चोळता हसली. अप्पा हसले नाहीत.

मग रंगच खराब? शिवकांतानं आरशाचं कव्हर उचललं. निळंशार, आरशासारखंच गुळगुळीत.

“अप्पा, हे बी त्याच डब्यातलं?”

“हाव.”

“पॉलिश पेपरनं घासलेलं?”

“समदं सारखंच घासलं. फकस्त हे तू धुतलंस, शाळेच्या बाटलीतल्या पाण्यानं. बाकीचं म्या बादलीतल्या.”

एक पट्टी धुऊन, घासून, रंगाविना राहिली होती. शिवकांतानं तिच्यावर पाण्याचा थेंब सोडला. थेंब पसरला नाही. अळूच्या पानावर बसावा तसा गोल होऊन घसरला.

ती सावकाश चुलीपाशी गेली.

“अव्वा, ती बादली कुठल्या पाण्याची?”

तिची आई सिद्धम्मा भाकरी थापत राहिली. “पाण्यावानी पाणी. चांगलं नितळ.”

“नितळ कसं झालं?”

“लुगड्याच्या फडक्यातून गाळलं म्या.”

“गाळायच्या आधी काय व्हतं?”

भाकरी थांबली. “लेकराच्या आंघोळीचं.”

शिवकांता अंगणात येऊन धडाधड सांगू लागली. “रंग चांगला, काका निर्दोष! लेकराच्या अंगावरचं तेल पाण्यात उतरलं. फडक्यात मळ अडकला, तेल न्हाई. अप्पांनी त्याच पाण्यानं धुतलं अन् वरून घासलं, तवा तेल प्लॅस्टिकात मुरलं. तेलावर रंग बसत न्हाई, बाजूला सरकतो. गुन्हेगार आपली—”

दारात अव्वा उभी होती. शिवकांताचा आवाज आपोआप बसला.

“सांडायचं कसं पाणी?” अव्वा म्हणाली. “जीव व्हईना.”



“परत खरवडून धुवू की,” शिवकांता हळूच म्हणाली.

अव्वानं आतून पिण्याच्या पाण्याची शेवटची घागर आणून ठेवली. अप्पांनी घागरीच्या तोंडावर हात ठेवला. “ने आत. बाळंतीण हाय घरात.”

दुपारी त्यांनी तोच बंपर गाडीला लावला. ठेकेदार खाली वाकलासुद्धा नाही; दुरूनच हात हलवून त्यानं ट्रक परत पाठवला.

त्या आठवड्यात गल्लीत टँकर आला तो शेषेरावांचा. घागरींची रांग वळणापर्यंत. स्टिअरिंगवरून त्यांनी हाक मारली, “गुरुपादप्पा, म्होरं या की.”

अप्पांनी रांगेतली जागा सोडली नाही. रांग सरकली की घागर पायानं पुढं ढकलत राहिले, आणि सगळ्या प्रश्नांची उत्तरं माहीत असलेली शिवकांता त्यांच्या मागं गुपचूप उभी राहिली.