एक ते दोनच्या सुट्टीतली ट्राम

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मी तिथे होते. मोजत होते. आणि मोजण्यात माझी चूक होत नाही, हे घरात माझ्यावर खार खाऊन असलेले लोकही कबूल करतात.

हा रात्रीचा प्रसंग नाही. भर दुपारचा आहे. गुरुवार, एक ते दोनची सुट्टी, मावशीच्या दुकानासमोर.

पण आधी काकांना यातून काय मिळणार होतं, ते सांगते.

काका म्हणजे मावशीचे यजमान. ट्रामच्या रुळांच्या कामावर मुकादम. शहराच्या मध्यात थांबलेली ट्राम पुढच्या चौकापर्यंत न्यायची, एवढंच काम. सहाशे वीस मीटर. चार वर्षं चाललं होतं. तेवढ्यात माझ्या चुलतभावाचं लग्न ठरलं, झालं आणि मोडलं. रूळ मात्र बेकरीपासून औषधांच्या दुकानापर्यंतच पोचले. खणायचं, पाण्याचा पाइप सापडायचा, बुजवायचं. मग पाइपवाले यायचे, की पुन्हा खणायचं.

या सगळ्याच्या मधोमध मावशीचं कपडे दुरुस्तीचं दुकान. मी तिच्याकडे काज-बटणं करायचे. दारासमोर काकांच्याच माणसांनी पत्रे ठोकलेले. आत यायला एक हलती फळी, खाली घोटाभर चिखल. गिऱ्हाईक बंद. मालकाने सांगून टाकलं होतं, महिनाअखेरपर्यंत दुकान चाललं नाही तर जागा सोडा.

म्हणजे ट्राम सुरू झाली की काकांना दोन गोष्टी मिळणार होत्या. मावशीच्या दुकानाचं दार उघडणार होतं, आणि जेवताना मावशीचं तोंड बंद होणार होतं.

"अहो, तुमचे रूळ माझ्या दारात म्हातारे होणार."

"अगं, काम चालू आहे."

"चालू आहे ते मलाही ऐकू येतंय. पुढे सरकतंय का, ते विचारते."

काका आणखी भात वाढून घ्यायचे.

आता रुळांची एक गोष्ट. नवा रूळ उघड्यावर टाकला की दोन-तीन दिवसांत तांबूस गंज धरतो. तो चकाकतो फक्त चाकं फिरली की. काका म्हणायचे, "माणूस खोटं बोलेल, कागद खोटं बोलेल. रूळ नाही बोलत."

पहिली खूण मला ऐकू आली.

एक वाजला. यंत्रं बंद पडली. मजूर जेवायला गेले. मी घरी जेवायला निघाले होते, आणि पत्र्याच्या पलीकडून...

ठण. ठण.

ट्रामची घंटा.

मी फटीतून पाहिलं. कोणी नव्हतं. असणार कसं? आमच्यासमोरचे रूळ अजून जुन्या लाइनला जोडलेलेच नव्हते. मध्ये अकरा मीटरचा खड्डा. वर वीज नेणारी तारही नव्हती.

दुसऱ्या दिवशी काका दुकानात आले, ते पाणीही न मागता बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"रूळ चकाकतायत."

"मग चांगलंच की."

"चांगलं कसलं, पोरी? त्यावर अजून हातगाडीसुद्धा फिरलेली नाही."

मी जाऊन पाहिलं. गंजावर दोन बारीक चकचकीत पट्टे. कुठून आले ते कळत नव्हतं. औषधांच्या दुकानापाशी सुरू होत होते आणि आमच्या दारासमोर...

संपत होते.

त्याच आठवड्यात मावशीकडे गिऱ्हाईक यायला लागलं.

मी जेवून परत आले की मांडणीवर एखादा नवा कपडा दिसायचा. कोट. फ्रॉक. उसवलेली पँट. प्रत्येकाला मावशीच्या अक्षरातली चिठ्ठी टाचलेली. चिठ्ठीवर तारीख नाही. फक्त 'लाइन सुरू झाली की'.

"हे काय गं?"

"त्यांनीच सांगितलं. ट्राम नीट सुरू झाली की न्यायला येऊ."

"आले कसे पण? फळी तर कालपासून मोडलीय."

मावशीने सुईत दोरा ओवला.

"ट्रामने आलो म्हणाले."

"आणि तू काही विचारलं नाहीस?"

"चार महिन्यांनी दारात माणूस आलं, तर मी त्याची उलटतपासणी घेऊ?"

दुसऱ्या दिवशी मी जेवायला गेलेच नाही. शिलाई मशीनच्या मागे बसून राहिले. घंटा वाजली. दार उघडलं. एक बाई आत आली, हातात करड्या रंगाचा कोट. बोलणं अगदी साधं. अस्तर फाटलंय, एवढंच.

मी खाली पाहिलं...

बाहेर घोटाभर चिखल. तिचे बूट कोरडे ठणठणीत.

ती गेल्यावर मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली, "अठरा झाले. मालकाला दाखवते. आता म्हण म्हणावं, दुकान चालत नाही."

मी काकांना सगळं सांगितलं. त्यांनी तळहाताला लागलेला गंज पुसला. मग म्हणाले, "लवकर संपवतो हे काम."

आणि संपवलं. चार वर्षांत झालं नाही ते तीन आठवड्यांत. खड्डा भरला, रूळ चौकापर्यंत जोडले, तार चढली, पत्रे निघाले. गुरुवारी एक वाजता चाचणीची ट्राम धावणार.

चाचणीआधी मुकादमाने सगळी लाइन पायी चालायची, हा नियम. प्रत्येक सांध्यावर हात फिरवायचा. मग कागदावर सही. त्यावर छापलेलं असतं: रुळांवर काही नाही, कोणी नाही.

काका चौकाकडून निघून औषधांच्या दुकानापर्यंत चालले. तिथे थांबले. पुढचे रूळ आरशासारखे चकाकत होते. ट्रामच्या कामावरचे साहेब घड्याळ दाखवत होते. आजची वेळ चुकली तर पुढची तारीख तीन महिन्यांनी.

काकांनी रूळवाल्या माणसाचाच हिशोब केला. ज्यावर महिनाभर चाकं फिरतायत, त्यात तपासायचं काय?

त्यांनी तिथूनच सही केली.

एक वाजता ट्राम आली. रिकामी. आत एकटा ड्रायव्हर. मी आणि काका दुकानाबाहेर. मावशी आत. "आज न्यायला येतील सगळे," म्हणाली होती.

ट्राम दारासमोर थांबली.

दारं उघडली.

कोणी उतरलं नाही. पण माणूस उतरला की ट्राम पायरीच्या बाजूने जराशी वर येते ना... तशी आली. पुन्हा आली. मी मोजायला लागले. सवयच ती.

अठरा.

मागे दुकानाचं दार उघडलं. मग ट्राम खाली दबायला लागली. एक. दोन. तीन...

अठरा.

मी श्वास सोडला.

...एकोणीस.

दारं मिटली. ट्राम निघाली. काकांच्या तोंडावर चार वर्षांत न दिसलेलं हसू. "जा, बघायला बोलाव तुझ्या मावशीला."

मी आत गेले, तर मशीनचं चाक अजून फिरत होतं. मांडणी रिकामी. तिच्या चिखलाच्या चपला दाराशी होत्या. दुकानाला मागचं दार नाही.

ड्रायव्हर नंतर एवढंच म्हणाला, "मी थांबवली नव्हती. दारंही मी उघडली नाहीत."

चौकशी झाली. साहेबांनी काकांच्या सहीचा कागद पुढे ठेवला. रुळांवर कोणी नाही. विषय मिटला.

काका आता निवृत्त आहेत. तरी रोज एक वाजता ती लाइन चालतात, वाकून सांध्यांवर हात फिरवतात. पण आता सगळेच रूळ चकाकतात. कुठली चकाकी कोणाच्या चाकांची, ते त्यांनाही ओळखता येत नाही.

मी त्या ट्राममध्ये बसत नाही. बाहेर उभी राहून मोजते. बहुतेक वेळा आकडा जुळतो. नेहमी नाही.

बाकी, कोणाचं वाईट झालं म्हणायला जागा नाही. शहराची रोजची नऊ मिनिटं वाचतात. साहेबांना बढती मिळाली. बेकरीवाल्याने दुसरी भट्टी घातली. मालकाला नवा भाडेकरू मिळाला, पहिल्यापेक्षा चांगला.

या सगळ्यांसाठी मोजून एक बाई गेली. आणि 'कोणी नाही' असं लिहून द्यायला तिच्याच नवऱ्याची सही लागली.