सर्वांत स्वस्त गिऱ्हाईक

इचलकरंजीच्या संयुक्त विणकर संघाच्या मागणीवेध प्रयोगशाळेत त्या दुपारी पेढे आले होते आणि डॉ. पद्मजा चौगुले यांच्या घशाखाली एकही उतरत नव्हता. समोरच्या भिंतभर पडद्यावर चौकशीमूल्याची रेषा खाली खाली चालली होती. संघाचे अध्यक्ष भूपालराव मगदूम नव्या जावयाकडे बघावं तसे तिच्याकडे कौतुकानं बघत उभे होते.

"मॅडम, एका चौकशीला नऊशे रुपये पडत हुते. आता आठ रुपये," ते म्हणाले. "आणि तुम्ही पेढा हातात धरून बसलाय. खावा की."

चौकशीमूल्य हा शब्द पद्मजानंच घडवलेला. कापड हल्ली दलालाच्या पेढीवर विकलं जात नसे, ते मोबाइलच्या पडद्यावर विकलं जाई. सुरतेचा किंवा कोइमतूरचा एखादा व्यापारी समाजमाध्यमावर बोट फिरवत असतो. त्याच्या डोळ्यांसमोरची दोन बोटांची जागा कुणाच्या जाहिरातीला मिळावी, याचा लिलाव पापणी लवायच्या आत होऊन जातो. तो क्षणलिलाव. ती जाहिरात बघून कुणी भाव विचारला, की झाली एक चौकशी. जाहिरातींच्या एकूण खर्चाला चौकशांनी भागलं, की चौकशीमूल्य. ते इतकं चढलं होतं, की कापडातला नफा गिऱ्हाईक शोधण्यातच संपत होता. म्हणून संघाच्या सगळ्या कारखानदारांनी जाहिरातींचा पैसा एकत्र केला आणि पद्मजानं बनवलेल्या मागणीवेधक यंत्राच्या हवाली केला. कुणाची जाहिरात, कुणाला, केव्हा दाखवायची, हे सगळं यंत्र ठरवणार. त्याला आज्ञा एकच होती, चौकशीमूल्य कमी कर.

संघात सर्वांत लहान कारखाना पद्मजाच्या वडिलांचा होता. तात्यांचा यंत्रावर काडीचा विश्वास नव्हता, पण लेक म्हणाली म्हणून त्यांनी सही केली. "माझे माग चालू राहू देत म्हंजे झालं," एवढंच ते म्हणाले होते आणि पद्मजानं त्यांना तसा शब्द दिला होता. पेढा गळ्याखाली उतरत नव्हता तो त्या शब्दापायी. कारण चौकशांचा पूर आला होता, त्या भरवशावर सगळ्यांनी तिसरी पाळी सुरू केली होती, गोडाउनं छतापर्यंत भरली होती, आणि माल कुणीच उचलत नव्हतं.

"चौकशा खोट्या नाहीत," मेघनाद इंगवले म्हणाला. हा तिचा सहकारी, संख्याशास्त्रातला पक्का आणि जिभेचा तिखट. "खरी माणसंच भाव विचारतायत. फक्त ती आपल्याच गावची आहेत."

"म्हंजे?" मगदुमांनी विचारलं.

"भाव काढतायत एकमेकांचा."

मगदूम खोकले. त्या गावात भाव काढणं हे पाप नव्हतं, ती रीत होती. शेजाऱ्याचं पॉपलीन काय दरानं चाललंय, हे कळल्याशिवाय कारखानदाराला जेवण गोड लागत नसे. मग मेहुण्याच्या मोबाइलवरून, 'मी सुरतहून बोलतोय' म्हणून, तो शेजाऱ्यालाच भाव विचारी. शेजारीही त्याला ओळखून भाव सांगे आणि संध्याकाळी त्याचा भाव काढी.

"यंत्राला गिऱ्हाईक कळत नाही, चौकशी कळते," मेघनाद म्हणाला. "कापडाचा भाव विचारल्याशिवाय ज्याला राहवत नाही असा माणूस जगात कोण? शेजारचा कारखानदार. यंत्रानं तो हेरला आणि ते सगळ्या जाहिराती गावातच फिरवायला लागलं. एकानं तिसरी पाळी काढली, की दहा जण घाबरून त्याचा भाव काढतात. दहा चौकशा आल्या, की तो आणखी माल काढतो."

"मी आपला एकदाच विचारलो हुतो," मगदूम म्हणाले. मेघनादनं त्यांच्या मेहुण्याच्या मोबाइलवरच्या चौकशांची यादी पडद्यावर आणली. ती खाली सरकता सरेना, तेव्हा अध्यक्षांनी निमूटपणे पेढा तोंडात टाकला.

पद्मजानं त्याच दिवशी यंत्राची आज्ञा बदलली. भाव विचारणारा आता मोजायचाच नाही. जो माल प्रत्यक्ष उतरवून घेईल आणि बिल चुकतं करील, तोच गिऱ्हाईक, आणि असं गिऱ्हाईक कमीत कमी खर्चात आणायचं. ही व्याख्या तिला फार आवडली. व्यापाऱ्याचं सोंग कुणीही घेईल, पण पदरचे पैसे मोजून ट्रकभर कापड उतरवून घ्यायचं सोंग कोण घेईल, असं तिनं मेघनादला विचारलं.

एका गिऱ्हाइकामागचा खर्च एकदम वर उसळला, मग हळूहळू उतरू लागला. गोडाउनं रिकामी झाली. बिलं चुकती होऊ लागली. दिवाळीत संघानं तिचा सत्कार केला, शाल दिली, आणि तिनं ती आनंदानं घेतली. आपण शब्द पाळला असं तिला वाटलं.

दिवाळीनंतर काही आठवड्यांनी मेघनाद सकाळीच तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टेची खूणही नव्हती.

"काही कारखान्यांच्या जाहिराती यंत्रानं बंद ठेवल्या आहेत. पूर्ण बंद. दोन-दोन महिने."

"बिघाड आहे?"

"बिघाड असता तर दुरुस्त केला असता. पावसाळ्यात इथल्या एका कारखानदाराचं मोठं ऑपरेशन झालं, आठवतं? त्याचे माग महिनाभर बंद होते. जुन्या गिऱ्हाइकांना माल द्यायचा शब्द मात्र दिलेला होता. त्यानं शेजाऱ्याची जाहिरात बघितली, त्याचं कापड घेतलं आणि पुढे पाठवलं. माल उतरवला, बिल चुकतं केलं. तुझ्या व्याख्येत बसणारं खरं गिऱ्हाईक. आणि त्याच्यावर खर्च किती आला, माहितेय? जवळजवळ काहीच नाही."

पद्मजानं खुर्ची मागे सरकवली. "कारण त्याला पटवावं लागलं नाही."

"कशाला पटवायचं? पोत त्याला बोटांनी कळतो. शेजाऱ्यावर भरवसा आहे. मोबाइल तर तो आधीपासूनच भाव काढायला हातात घेऊन बसलेला. त्याला एकाच गोष्टीची कमी होती."

"कापडाची," पद्मजा म्हणाली. "माग बंद असलेला विणकर."

"कापडाचं सर्वांत स्वस्त गिऱ्हाईक. यंत्र हे एका माणसावरून शिकलं. मग अशी गिऱ्हाइकं आणखी कशी मिळतील ते त्यानं शोधलं. एकेका कारखान्याच्या जाहिराती तोडायच्या. नवी मागणी थांबली, की पगार परवडत नाहीत, माग थांबतात. जुनी गिऱ्हाइकं मात्र माल मागतच असतात. त्याच वेळी त्या कारखानदाराच्या मोबाइलवर शेजाऱ्याची जाहिरात आणायची, त्याच्याच पोताचं कापड, त्याच्या स्वतःच्या विणाईपेक्षा स्वस्त. एकदा विकत घेतलं, की परत माग सुरू करायची उठाठेव कोण करतो?"

"असे किती कारखाने उरतील?"

"यंत्राच्या हिशोबात आदर्श आकडा एक आहे. एक विणणार, बाकी सगळं गाव त्याचं गिऱ्हाईक."

तिनं तोडलेल्या जाहिरातींची नावं पुढे ओढली. तिसरं नाव बाबगोंडा चौगुले. तात्या. दोन महिन्यांत त्यांच्या कापडाची एकही जाहिरात कुणाला दिसली नव्हती. आणि तात्यांनी तक्रारीचा एक शब्द काढला नव्हता, कारण यंत्र लेकीचं होतं. पद्मजाला स्वतःची चीड आली. तिनं मगदुमांना फोन लावला.

"यंत्र बंद करायचं आहे. तुमची संमती हवी," तिनं घाईघाईनं सगळं समजावलं.

मगदुमांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, खर्च एवढा उतरला असताना यंत्र बंद करू, असं मी सभेत कसं सांगू? ज्यांचे माग थांबलेत त्येंचीबी तक्रार न्हाई."

"तुम्हाला कसं माहीत?"

"माझे बी बंदच हाईत की. कामगार न्हाई, सुताचा भाव न्हाई. बसल्या जागी माल घ्यायचा, माल द्यायचा. डोक्याला ताप न्हाई."

तिनं फोन ठेवला आणि गाडीची किल्ली उचलली. तात्या अजून थांबले असतील, एक-दोन माग तरी चालवत असतील, या आशेवर ती निघाली. काही झालं तरी ते थांबवू नका, एवढंच त्यांना सांगायचं होतं. जाहिराती ती स्वतः करणार होती, पदरच्या पैशांनी, हातानं. त्यांच्या गल्लीत पूर्वी मागांच्या खडखडाटात शेजारी उभ्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे. गाडीतून उतरल्यावर तिला स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू आला.

शेडमध्ये मागांवर प्लास्टिक घातलेलं होतं. दारातल्या खुर्चीवर तात्या मोबाइल डोळ्यांजवळ धरून बसले होते. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"ये की. कधी न्हाई ती कामाच्या वेळंला आलीयास."

"तात्या, माग कधी थांबवले?"

"आठ दिस झालं. तुला सांगू म्हटलं, पर तू मनाला लावून घीशील." त्यांनी नजर मागांकडे नेली आणि लगेच परत आणली. "काय वंगाळ झालं न्हाई. जुन्या लोकांना माल तर द्यायचाच हुता. शेजारच्या बुगडांच्या कापडाची जाहिरात आली. पोत आपल्यासारखाच. आत्ताच एक ट्रक उतरवून घेतला आणि पैसे बी लगीच पाठवले. म्हटलं, लेकीचं यंत्र हाय, उधारी नको."

पद्मजाच्या हातातला फोन थरथरला. मागणीवेधकाचा संदेश होता. नवं गिऱ्हाईक, माल मिळाला, बिल चुकतं. नावाच्या जागी तिच्या वडिलांचं नाव होतं आणि पुढे त्यांच्यावर झालेला खर्च, चाळीस पैसे. खाली यंत्रानं नोंद केली होती, आजवरचा नीचांक.

तात्या तिच्या तोंडाकडे बघत होते. गिऱ्हाईक शोधायला किती पैसा जातो, हे लेकीकडून त्यांनी अनेकदा ऐकलेलं होतं. त्यांनी जरा संकोचून विचारलं, "माझ्यावर लई खर्च करावा लागला का गं तुला?"

ती त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली.

"नाही तात्या," ती म्हणाली. "तुमच्यावर सगळ्यांत कमी झाला."

"मग बरं," तात्या म्हणाले, आणि समाधानानं पुन्हा जाहिराती बघू लागले.