चऱ्हाटाचं दुसरं टोक

गल्लीच्या वळणावर ती चक्क दोरात अडकली. ओढणी एकीकडे, पिशवी दुसरीकडे... आणि पलीकडच्या टोकाला चऱ्हाट वळणारा तो, हसू दाबत उभा!

"अहो, सोडू नका! मामा पाणी प्यायला गेलेत. अडकलाच आहात तर टोक धरा... आणि बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. आमच्याकडची रीत आहे. नजर पिळावर ठेवायची, माणसावर नाही. आवाज बंद पडला की समजायचं, समोरच्याचा हात सुटला. लगेच थांबायचं."

त्याची नजर मात्र पिळावर नव्हती हं!

आता योगायोग बघा. ती शब्दकोशाच्या कचेरीत कामाला, आणि तिच्या वाट्याला आले होते कंटाळवाण्या बडबडीचे शब्द. पाल्हाळ झालं, गुऱ्हाळ झालं, चऱ्हाट तेवढं उरलं होतं. तिनं विचारलंच, "रटाळ बोलण्याला चऱ्हाट का म्हणतात हो?"

"तेच ते वळण, नुसतं वाढतच जायचं. बघणारा कंटाळतो, म्हणून म्हणत असावेत." तो जरा थांबला. "वळणारा नाही कंटाळत. उद्या येऊन बघा."

तो उद्या मग रोज उगवू लागला. मामांना तर तिची चाहूल लागली की हटकून तहान लागायची. आणि त्याच्या गप्पा? शेजारणीचं रुसलेलं मांजर, आत्याचा हरवलेला चष्मा... सख्ख्या बहिणीचा फोन दोन मिनिटांत ठेवणारी ही, कानात प्राण आणून ऐकायची.

"तुमचं म्हणजे नमनालाच घडाभर तेल!"

"मग तेल संपेपर्यंत तरी थांबाल ना?"

शेवटी संपादकबाई कडाडल्या, "एका शब्दाला इतके दिवस? आज संध्याकाळी नोंद टेबलावर हवी!"

नोंद झाली की त्या गल्लीत जायचं निमित्तच संपलं.

"आज नोंद द्यायचीय," टोक धरत ती म्हणाली. "उद्यापासून... येणार नाही."

"हो का? बरं... म्हणजे, कामं असतातच माणसाला..." आणि तो गप्प झाला.

तिनं हात थांबवले.

"थांबलात का?"

"तुम्ही गप्प झालात. रीत आहे ना."

दारातून मामा ओरडले, "अरे गाढवा, बोल की! किती पाणी पिऊ मी?"

तो कानापर्यंत लाल झाला. "इतके दिवस बडबडलो त्यात काही राम नव्हता, माहितीये मला. पण थांबलो असतो तर... तुम्ही गेला असता. मला तुम्ही फार आवडता. हे टोक... कायमचं धराल?"

शब्दांच्या कचेरीतली बाई, पण एक शब्द फुटेना.

"गप्प झालात..." त्याचा चेहरा उतरला. "हात सुटला का?"

तिनं आपलं टोक असं ओढलं की तो दोन पावलं पुढेच आला.

"सुटायला काय झालं, वेड्या? घट्ट धरलाय. बोल तू."

"काय बोलू?"

"काहीही! त्या मांजराचा रुसवा गेला का, ते सांग आधी."