अकराव्या थांब्यावरची पोर

दार लावून घ्या, पोरांनो, आणि ती किटली इकडे सरकवा. उद्या सकाळी तुम्ही पहिल्यांदा फेरी तपासायला निघणार, म्हणून आजच सांगून टाकतो. विश्वास ठेवायची सक्ती नाही. लिंकन शहराच्या वारसा मंडळात काम करायला विश्वास लागत नाही, फक्त गुडघे लागतात.

बेसिल मॉल्टबीला तुम्ही पाहिलं नाहीत. याच टेबलाशी बसायचा. एकतीस वर्षं जन्ममृत्यूच्या नोंदी करून निवृत्त झालेला कारकून. तुमच्या हातातलं पायी फेरीचं पत्रक त्याचंच. ते घ्यायचं आणि आकडे बघत बघत आपलं आपण शहर हिंडायचं. वाटाड्या नको, त्याची बडबड नको. वीस थांबे. त्यातले एकोणीस खरे.

अकरावा बेसिलनं मनानं घातला होता. नकाशे करणाऱ्यांची ही जुनी खोड. एखादी खोटी गल्ली घालून ठेवायची; चोर नकाशा छापतो तो त्या गल्लीसकट, आणि सापडतो. तेव्हा एक सहलवाली कंपनी आमची पत्रकं उचलत होती. म्हणून यानं लिहिलं, 'अकरा. स्टीप हिलच्या चढणीच्या वरच्या टोकाला, चहाच्या दुकानाशेजारचा बोळ. मी येईपर्यंत कंदील धरून इथेच उभी राहा, असं टॅबिथा नावाच्या मोलकरणीला मालकानं सांगितलं. मालक आला नाही. ती अजून उभी आहे, म्हणतात.'

बोळ नव्हताच. तिथे भिंत होती. कंपनी वर्षाच्या आत सापडली, पण अकरावा थांबा राहून गेला. कागदावर एखादी गोष्ट घालायला एक माणूस पुरतो, काढायला समिती लागते. अशी बावीस वर्षं गेली.

दोन हजार एकोणीस साल. चौदा नोव्हेंबर, गुरुवार. दुसऱ्या दिवशी नवी आवृत्ती छापायला जायची होती. त्याआधी 'सर्व थांबे प्रत्यक्ष चालून पाहिले' यावर बेसिलची सही लागायची. इतकी वर्षं त्या वाक्यावर सही करताना त्याचा हात थोडा अडखळायचा. या खेपेला अकरा खोडायचाच, असं ठरवून तो निघाला. वय चौऱ्याहत्तर. चढण तुम्हाला माहीत आहेच. मध्ये तीनदा कठड्याला धरून उभा राहिला आणि पावणेसहाला, गुडुप अंधारात, डोरीन कूपलंडच्या चहाच्या दुकानात शिरला.

"आलात का, मॉल्टबी? मला वाटलं, तुम्हाला वर आणायला गाढव पाठवावं लागणार."

"गाढव आपल्या पायांनी आलंय, डोरीनबाई. चहा द्या."

तिनं चहा ठेवला, शेजारी मनुकांच्या पावाचा एक काप ठेवला. मग म्हणाली, "तुमचं ते अकरा नंबरचं झेंगट काढा हो एकदाचं. आधी लोक येऊन माझ्यावर डाफरायचे, बोळ कुठाय म्हणून."

"आणि आता?"

"आता डाफरत नाहीत." डोरीन तोच कप पुन्हा पुसत राहिली. "या उन्हाळ्यापासून येऊन म्हणतात, छान होतं. ती मुलगी म्हणाली, पायरीला जपा. परवा एक बाई तर मलाच झापून गेली. म्हणे, त्या पोरीला बसायला स्टूल का देत नाही? किती दमलीय ती."

बेसिलनं पावाचा तुकडा उचलला होता, तो परत ठेवला.

"खोडायलाच आलोय," तो म्हणाला.

"खोडा. पण खोडल्यावर ती जाईल कुठे?"

त्यानं कप बाजूला सारला. "आमचा साहेब सहा वाजले तरी खुर्ची सोडायचा नाही," तो म्हणाला. "आणि तो 'जा' म्हणाल्याशिवाय आम्ही उठायचं नाही. एकतीस वर्षं मी त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या. आणि एका पोरीला मी बावीस वर्षं उभं करून ठेवलं... नोंद खोडली म्हणजे माणूस सुटत नाही, डोरीनबाई. एवढं मी नोकरीत शिकलो."

"म्हणजे करणार काय?"

"बघतो." पेन्सिल कानावर अडकवून तो बाहेर गेला.

कॅथीड्रलचे सहाचे टोले पडले. डोरीन खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवत होती. दार किलकिलं होतं. बाहेरून बेसिलचा आवाज आला. एकट्या बेसिलचाच.

"कोण?..."

मग काही नाही.

"हो. मीच लिहिलं ते."

...

"नाही. तो नाही येणार. तसा कुणी... नव्हताच गं."

डोरीनच्या हातातली खुर्ची हातातच राहिली.

"मग मी सांगतो. चालेल?... जा, पोरी. घरी जा."

...

"कंदील? खाली ठेव की."

...

"नाही ठेवता येत?"

बाहेरचा वारा पडला.

"बरं. आण इकडे. धरतो मी. कुणी येईपर्यंत."

डोरीननं काचेतून पाहिलं. बेसिल भिंतीला पाठ लावून उभा. उजवा हात खांद्याइतका वर. मूठ वळलेली. मुठीत काही नाही. तोंडावर मात्र उजेड... पिवळा. त्या रस्त्यावरचे दिवे पांढरे आहेत.

"मॉल्टबी! आत या. गारठाल."

तो वळला नाही. फक्त म्हणाला, "पायरीला जपा, डोरीनबाई."

तिथे पायरी नाही.

ती कोट घ्यायला आत वळली. अर्ध्या मिनिटात बाहेर आली. तो भिंतीशी बसला होता... गेला होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय. वय, चढण, गारठा. नोंदवहीच्या रकान्यात सगळं नीट बसलं. पत्रक त्याच्या खिशात होतं. वीसपैकी अकरा थांब्यांपुढे बरोबरची खूण होती. होय, अकराव्यापुढेही. मी ते तसंच छापायला पाठवलं. तुमच्या हातात आहे ते तेच.

दुसऱ्या दिवशी मी वर जाऊन आलो. भिंतीच्या पायथ्याशी जी फरशी आहे, तिच्यात दोन खळगे पडले होते. जुन्या चर्चच्या पायऱ्या झिजतात ना, तसे. लहान पावलांचे. डोरीन तीस वर्षं ती फरशी झाडत होती. ती म्हणाली, काल संध्याकाळी झाडली तेव्हा सपाट होती.

तेही मी सोडून दिलं असतं. दगड आहे, खचतो. पण उद्या तिथे पोचाल तेव्हा नीट वाकून बघा. त्या दोन खळग्यांच्या शेजारी आता आणखी दोन आहेत. मोठ्या पावलांचे. अजून उथळ.

गेल्या हिवाळ्यापर्यंत त्यांच्यात पाणी साचत नव्हतं.