मौनाच्या वेळी

अंघोळ झाल्यापासून पूजा आटोपेपर्यंत मी बोलत नाही. सासूबाई गेल्या त्या वर्षी धरलेलं मौन आहे, काल्हेरच्या या नव्या बिल्डिंगीत आलो तरी सुटलं नाही. खाली गोदामाच्या गल्लीत कंटेनर मागे घेताना भोंगा वाजत असतो, वर मी गंध उगाळत असते. त्या वेळात घरातलं कोणी मला काही विचारत नाही.

म्हणून एका सकाळी दापोड्याला ड्युटीवर निघालेले हे दारातून म्हणाले, "बरं, आनतो गूळ," तेव्हा मला वाटलं फोनवर बोलतायत. संध्याकाळी त्यांनी गुळाची ढेप माझ्यापुढे ठेवली.

"मी कधी सांगितलं?"

"सकालीच की. सैपाकघरातून ओरडलीस." हसायला लागले. "येवढा आवाज हाय तुझ्यात, माहीत न्हवतं!"

मी तेव्हा देवासमोर होते. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. पण डब्यात गूळ खरंच संपला होता.

पुढच्या गुरुवारी समोरच्या रुकय्याभाभींनी जिन्यात गाठलं.

"तुळजाताई, सकाळी काय हसवलंत हो मला! आणि शेवया आवडल्या ना? वाटी पुसून खाल्लीत."

गुरुवारी माझा उपास. सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. मी मान हलवली आणि घरात येऊन चूळ भरली. तोंडात वेलचीची चव होती.

व्रत मोडलं की डोकं बिघडलं, हे मला कळेना. शेवटी मुलीला, हेमालीला सांगितलं. ती इथूनच भिवंडीत शाळेत शिकवायला जाते. ती हसली नाही. धामणकर नाक्याजवळ बसणाऱ्या एका थेरपिस्ट मॅडमची सकाळची वेळ तिनं घेतली.

"पहिल्या भेटीत आपणच सांगायचं असतं, आई. त्या ऐकून घेतात. तू बोललीच नाहीस तर त्या काय करणार?"

आदल्या संध्याकाळी तिनं माझी तयारी करून घेतली. ती मॅडम झाली, मी मी.

"बोला, काय त्रास होतो?"

"मला... म्हणजे माझा आवाज..."

"मोठ्यानं, आई."

"मी गप्प असते तेव्हा..."

"ऐकूच येत नाहीये! सकाळी तर कशी खणखणीत बोलतेस."

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"तुलाही ऐकू येतं?" मी विचारलं.

ती माझ्या उद्याच्या साडीला इस्त्री करत राहिली. "सगळ्यांनाच येतं. खरं सांगू? बरं वाटतं गं. घर भरल्यासारखं वाटतं."

रात्री मी देवाला एवढंच म्हटलं, उद्या मला धड बोलता येऊ दे. तो आवाज बंद होऊ दे.

सकाळी साडी पलंगावर काढून ठेवली आणि पूजेला बसले. फुलं वाहून झाली. निरांजनात तूप घालत होते, तेव्हा मी तो पहिल्यांदा ऐकला.

आवाज माझाच होता. पलंगाच्या खोलीतून येत होता. मोकळा, न अडखळणारा.

"मॅडम, सकाळी आमच्या घरात एक बाई देवासमोर बसलेली असते. काही बोलत नाही. आमच्यातलीच असल्यासारखी बसते. मला तिची फार भीती वाटते."

"अगदी अस्संच सांग हं," हेमाली म्हणाली. "घाबरायचं नाही."

आरती राहिली होती. आरती झाल्याशिवाय मौन सोडायचं नाही. वात पेटवून मी हात जोडले, पुन्हा सोडले. बांगड्या वाजल्या. चपला घासल्या. दार ओढल्याचा आवाज आला.

मी मौन मोडलं.

"हेमाली!"

तोंड उघडलं होतं. ओठ हलले होते. कुलपात किल्ली फिरली.

पलंगावर साडी नव्हती.

खिडकीतून पाहिलं. खाली रिक्षा उभी होती. हेमाली आत बसली, आणि कोणाला तरी जागा द्यावी तशी आत सरकली.

रिक्षा अंजूरफाट्याच्या बाजूला वळली.

मी देवापुढे येऊन बसले. आरती म्हणायचा प्रयत्न केला. नुसता श्वास निघत होता.

दुपारी कुलूप उघडलं. स्वयंपाकघरात भांडी वाजली, चहाचा वास आला, कोणीतरी खळखळून हसलं. हेमाली बाहेरच्या खोलीत फोनवर यांच्याशी बोलत होती.

"छान बोलली हो, बाबा! सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, त्या बाईला उत्तर द्यायचं नाही, तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. घरातल्या कोणीच. मग ती आपोआप जाईल."

फोन ठेवून ती देवघराच्या दारात आली. तिनं थेट माझ्या डोळ्यांत पाहिलं.

मग तिनं मान खाली घातली आणि माझ्या अंगाला पदर लागणार नाही असं बेतानं, बाजूनं निघून गेली.