फोटो कुठं जातात?

कावेरीने खुर्ची पुढं ओढली, आणि टेबलाखालून आवाज आला, "अहो, पाय... बोटावर हाय तुमचा पाय!"

ती दचकून मागं सरली. वायरींच्या गुंत्यातून एक मुलगा बाहेर आला, केसांना जळमटं लागलेली. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, दिंद्रुडचा रुद्रेश. बोट झटकत तो हसला.

ही २००३ सालची गोष्ट. कावेरी तेलगावहून एसटीने माजलगावच्या त्या क्लासला यायची. रुद्रेश अधूनमधून मशिनी बघायला यायचा, आणि नेमकी तिचीच मशीन बिघडलेली असायची.

"आता काय झालं हिला?"

"मला काय म्हाईत... तुमीच बघा."

"लई लाडाची हाय," तो म्हणायचा — मशीनकडे न बघता.

दसऱ्याला क्लासमध्ये कॉम्प्युटरची पूजा झाली. मालक मोहनरावांनी काढलेला सगळ्यांचा फोटो प्रत्येक मशीनवर आला. कावेरी तो उघडायची, कडेला उभ्या रुद्रेशचा चेहरा पडदाभर मोठा करायची... आणि स्क्रीनशॉट, म्हणजे पडद्याचा फोटो, साठवणाऱ्या प्रोग्रामचं बटण दाबायची. ते जमा कुठं होतात, हे तिने कधी पाहिलंच नाही.

त्या दिवशी क्लास संपता संपता ती हात मांडीवर ठेवून बसली होती. मशीनला थोडा वेळ हात लागला नाही, तसे समोर आपोआप फोटो सरकू लागले. फुलं. धबधबा. आणि मग — परवा शिकताना तिनेच घेतलेला स्क्रीनशॉट! तिने झटकन माऊस हलवला. फोटो गेले. पण म्हणजे ते चेहरेही येणार...

तेवढ्यात दारात आप्पा. तिचे वडील केदारनाथ, तेलगावचे कापड दुकानदार, माल घ्यायला माजलगावला आले होते. मोहनरावांनी त्यांना तिच्याच शेजारी बसवलं, चहा मागवला. मशीन बंद करूनही सुटका नव्हती. सकाळी दुसऱ्या मुली इथंच बसणार. फोटो पुन्हा सुरू होऊ नयेत म्हणून ती माऊस हलवत राहिली.

"माऊस कावून घासायलीस गं?"

"अडकायलाय, आप्पा."

पिशवी घेऊन रुद्रेश आत आला, आणि तिला हायसं वाटलं. पण ते चेहरे तर त्याचेच होते.

"ते स्क्रीनशॉट... दुसरीकडं ठेवता येतेत का?" ती पुटपुटली.

"येतेत की. कावून?"

"पडद्यावर दिसतेत."

"ते फोटो सरकायचं कालच लावलंय मी. चांगलं दिसतंय की!"

"न्हाई दिसत चांगलं." तिचे डोळे भरून आले.

सेटिंग उघडून त्याने नवा फोल्डर निवडला. "आता नवीन इथं जातील. जुने उचलून आणावे लागतेत."

"मग... न बघता आणा."

"न बघता कसं आणू?"

त्याने जुना फोल्डर उघडला. छोट्या छोट्या फोटोंची रांग. त्याचं कपाळ. त्याचे डोळे. पुन्हा त्याचे डोळे. त्याचा हात थांबला... कान लाल झाले.

"काय हाय रे त्यात?" बशी ठेवत आप्पा वाकले.

रुद्रेशने पडद्यावरची खिडकी मिटली. "काही न्हाई काका. नको ते साठलंय. बाजूला ठेवतो."

"ठेव बाबा," म्हणत आप्पा गाडी काढायला खाली गेले. मोहनराव त्यांच्या मागोमाग.

ती मान वर करेना. "पुसून टाका."

"न्हाई टाकत."

"कावून?"

"माझ्याकडं असं कुणी... कधी बघितलंच न्हाई." तो पिशवी उचलत म्हणाला. "आईला लुगडं घ्यायचंय दिवाळीचं. तिला तुमच्या दुकानात आणू?"

"दुकानात आप्पा असतेत."

"त्यांच्याशीच बोलायचंय तिला."

खाली हॉर्न वाजला. कावेरी जिन्यापर्यंत धावली, थबकली, वळली. "दुपारी नका आणू," ती घाईघाईने म्हणाली, "झोपेतून उठले की आप्पा चिडचिड करतेत. सकाळी आणा."